हौशी सीएनसी राउटर आणि टूलपाथ सॉफ्टवेअर : अडचणींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात घराच्या एका खोलीत, बंदिस्त बाल्कनीत किंवा वागळे इस्टेट, रबाळे, महापे भागांतील एखाद्या छोट्या गाळ्यात हौस म्हणून सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आदेशांवर लाकूड कोरणारे आणि कापणारे यंत्र, चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे. यातील बहुतेक उत्तरे जीआरबीएल या फर्मवेअरवर (यंत्राच्या नियंत्रक बोर्डातील प्रोग्रामवर) चालणाऱ्या छोट्या यंत्रांना, म्हणजे ३००×१८० मिलिमीटर बेडच्या ३०१८ पासून घरी जोडलेल्या मोठ्या यंत्रांपर्यंत, लागू पडतात. जी-कोडचे, म्हणजे यंत्राला हालचाल सांगणाऱ्या भाषेचे, आदेश येथे देवनागरीत लिहिले असले, तरी यंत्राला पाठवताना ते रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांतच टाइप करावेत.

प्रश्न : काम बिघडले. दोष यंत्राचा, फाइलचा की लाकडाचा, हे कसे ओळखावे?

सेटिंगला हात लावण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर मिळवावे, कारण बहुतेकांचा वेळ दुरुस्तीत जात नाही, तो चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करण्यात जातो. चित्र, टूलपाथ (बिटने, म्हणजे कापणाऱ्या हत्याराने, जायचा मार्ग), यंत्राची हालचाल आणि प्रत्यक्ष कापणी या चार टप्प्यांपैकी दोष कोणत्या टप्प्यात शिरला, हे तीन सोप्या चाचण्यांतून कळते.

पहिली चाचणी म्हणजे तयार झालेली जी-कोड फाइल कॅमॉटिक्स किंवा एनसी व्ह्यूअरसारख्या सिम्युलेटरमध्ये उघडून पाहणे. ज्या सॉफ्टवेअरने टूलपाथ तयार केला त्याच्याच पडद्यावर पाहून समाधान मानू नये, कारण पोस्ट प्रोसेसरमध्ये, म्हणजे टूलपाथचे जी-कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या भागात, झालेली चूक तेथे दिसत नाही. सिम्युलेटरमध्येच आकार वाकडा दिसत असेल, तर यंत्राकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

दुसऱ्या चाचणीत स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बंद ठेवून बिटच्या जागी पेन बांधावे आणि तोच आकार कागदावर काढून घ्यावा. कागदावर आकार बरोबर आणि लाकडात चूक येत असेल, तर दोष कापताना पडणाऱ्या जोराशी संबंधित आहे : बिटची धार गेली आहे, फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) जास्त आहे, फळी नीट पकडलेली नाही किंवा यंत्राचा सांगाडा लवतो आहे. कागदावरही चूक येत असेल, तर सेटिंग, ढिले भाग किंवा बॅकलॅश (दिशा उलटताना जाणवणारी मोकळीक) यांकडे वळावे.

तिसरी चाचणी अशी की तेच चित्र त्याच कागदावर दुसऱ्यांदा काढावे. दोन्ही वेळा चूक त्याच ठिकाणी आणि तेवढीच आली, तर ती फाइलमध्ये, सेटिंगमध्ये किंवा बॅकलॅशमध्ये आहे. दर वेळी चूक निराळी आली, तर मोटरच्या स्टेप्स (फिरण्याचे ठरावीक छोटे टप्पे) चुकत आहेत, एखादा स्क्रू सैल आहे किंवा विजेचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो आहे. या काळात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फीड, प्रवेग आणि ड्रायव्हरचा (मोटर चालवणाऱ्या छोट्या बोर्डाचा) करंट एकदम बदलून यंत्र सुधारले, तरी नेमके कशाने सुधारले ते कळत नाही आणि पुढच्या बिघाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रश्न : तुकडा फारच लहान किंवा फारच मोठा कापला जातो. असे का होते?

चुकीचे प्रमाण मोजावे. कारण बहुधा त्या आकड्यातच असते. तुकडा २५.४ पट मोठा किंवा तितकाच लहान आला, तर इंच आणि मिलिमीटर यांचा गोंधळ आहे. फाइलच्या सुरुवातीला जी२१ म्हणजे मिलिमीटर आणि जी२० म्हणजे इंच. सॉफ्टवेअरने यांपैकी कोणताच आदेश लिहिलेला नसेल, तर आधीच्या कामात जे एकक चालू होते तेच यंत्र धरून चालते.

१०० मिलिमीटरचा आकार १०६.७ किंवा ९३.७५ मिलिमीटर आला, तर दोष एसव्हीजी, म्हणजे रेषाचित्राच्या, फाइलच्या रिझोल्यूशनचा आहे. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरने २०१७ साली ०.९२ या आवृत्तीत एका इंचातील एककांची संख्या ९० वरून ९६ केली, त्यामुळे जुन्या आवृत्तीत काढलेली चित्रे नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर एवढाच फरक पडतो. हेच प्रमाण १३३.३ किंवा ७५ आले, तर एका बाजूला ७२ आणि दुसऱ्या बाजूला ९६ धरले गेले आहे, जे इलस्ट्रेटरमधून आलेल्या फाइलींत वारंवार दिसते. यावर उपाय म्हणून प्रत्येक चित्रात एका कोपऱ्यात नेमका ५० मिलिमीटरचा चौरस काढून ठेवावा, टूलपाथच्या सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर आधी तो मोजावा आणि मगच तो पुसावा.

प्रमाण नेमके दुप्पट किंवा निमपट असेल, तर ड्रायव्हरखालच्या मायक्रोस्टेपच्या (एका स्टेपचे आणखी बारीक भाग करण्याच्या) जंपरकडे पाहावे. चौपट असेल, तर लीड स्क्रूचा (अक्ष सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्याचा) हिशेब चुकला आहे. तो हिशेब पुढच्या उत्तरात दिला आहे.

प्रश्न : प्रति मिलिमीटर स्टेप्सचा आकडा कसा काढावा, आणि मोजून दुरुस्त करणे योग्य आहे का?

सर्वसाधारण १.८ अंशांच्या स्टेपर मोटरला एका फेऱ्यासाठी २०० स्टेप्स लागतात. मायक्रोस्टेपिंग १/१६ असेल, तर त्या ३२०० होतात. ८ मिलिमीटर व्यासाच्या प्रचलित लीड स्क्रूच्या आट्यांमधील अंतर २ मिलिमीटर असते, परंतु त्यावर चार आटे एकत्र चालत असल्यामुळे एका फेऱ्यात नट ८ मिलिमीटर सरकतो. म्हणून $१००, $१०१ आणि $१०२ या, म्हणजे एक्स, वाय आणि झेड अक्षांच्या, सेटिंगमध्ये ३२०० भागिले ८, म्हणजे ४०० हा आकडा येतो. अंतर २ धरून १६०० लिहिले, की चौपट हालचाल होते. काही ३०१८ यंत्रांत एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकणारा स्क्रू असतो, त्यांचा आकडा ८०० असतो. जीटी२ बेल्ट आणि २० दात्यांची पुली असेल, तर एका फेऱ्यात ४० मिलिमीटर अंतर जाते आणि त्याच मायक्रोस्टेपिंगला ८० हा आकडा लागतो.

बेल्टच्या यंत्रावर लांब अंतर मोजून थोडी दुरुस्ती करणे योग्य आहे : जुना आकडा गुणिले सांगितलेले अंतर भागिले प्रत्यक्ष अंतर. स्क्रूच्या यंत्रावर मात्र माझ्या मते गणिताने आलेला आकडाच ठेवावा. कापलेल्या तुकड्याचे माप घेऊन हा आकडा बदलणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्या मापात बिटचा खरा व्यास, त्याचे डोलणे आणि सांगाड्याचे लवणे हे सारे मिसळलेले असते. ५० मिलिमीटरच्या तुकड्यात ०.२ मिलिमीटरची चूक बिटमुळे आली असेल आणि ती स्टेप्स बदलून झाकली, तर ३०० मिलिमीटरच्या तुकड्यात ती सुमारे १ मिलिमीटर होऊन उलट्या दिशेने बाहेर पडते.

सर्व सेटिंग बरोबर बसल्यावर $$ या आदेशाने येणारी संपूर्ण यादी एका साध्या मजकूर फाइलमध्ये जतन करावी. सेटिंग पूर्ववत केल्यावर जीआरबीएलचे सर्वसाधारण मूळ आकडे परत येतात : २५० स्टेप्स, मिनिटाला ५०० मिलिमीटरचा कमाल वेग आणि १० चा प्रवेग. यंत्र अचानक मंद आणि चुकीच्या मापाने चालू लागले, तर हेच झाले आहे का ते आधी पाहावे.

प्रश्न : अर्धे काम नीट होते आणि मग सगळे एका बाजूला सरकते. काय करावे?

याला स्टेप्स चुकणे म्हणतात. जीआरबीएलच्या साध्या यंत्राला आपण खरोखर कोठे आहोत हे कळत नाही. ते पाठवलेल्या स्टेप्स मोजते आणि मोटरने त्या पाळल्या असे गृहीत धरते. त्यामुळे मोटर एकदा अडली, की त्यापुढचे सारे काम तेवढ्या अंतराने सरकून होत राहते.

सरकण्याची दिशा पाहावी. फक्त एकाच अक्षात सरकत असेल, तर त्या अक्षाच्या कपलिंगचे किंवा पुलीचे बारीक स्क्रू अॅलन कीने तपासावेत. मोटरच्या दांड्याची एक बाजू सपाट असते आणि दोन स्क्रूंपैकी एक तरी त्या सपाट बाजूवर बसलेला असावा. तो गोल बाजूवर बसला असेल, तर हाताने घट्ट वाटतो आणि भार आला की निसटतो. त्यानंतर प्रवेग निम्म्यावर आणून पाहावे. वेगापेक्षा प्रवेग अधिक वेळा दोषी असतो, विशेषतः अक्षरे कोरताना, कारण तेथे दिशा सतत बदलते.

वेगालाही मर्यादा आहे. आर्डुइनो उनो या नियंत्रक बोर्डावरील जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० स्टेप्स पाठवू शकते. ४०० स्टेप्स प्रति मिलिमीटर असतील, तर मिनिटाला ४५०० मिलिमीटर आणि ८०० असतील तर २२५० मिलिमीटर ही फर्मवेअरची कमाल झाली. मोटरचा जोर त्याच्या बराच आधी कमी पडतो, कारण फेरे वाढले की स्टेपर मोटरची ताकद घटत जाते.

एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद खोलीत तासभर काम चालल्यावरच दोष येत असेल, तर ड्रायव्हर तापून स्वतःला क्षणभर बंद करतो आहे. त्यावर पंखा बसवावा आणि करंट तपासावा. ए४९८८ या ड्रायव्हरच्या बोर्डावर ०.१ ओहमचे सेन्स रेझिस्टर असतील, तर १ अँपिअरसाठी संदर्भ व्होल्टेज ०.८ व्होल्ट येते. मल्टिमीटर लावताना घाई करू नये, आणि वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू नये. ड्रायव्हर जळण्याचे ते सर्वांत सोपे निमित्त आहे.

झेड अक्ष हळूहळू खाली येत असेल, तर दोन कामांच्या मध्ये मोटर सैल सोडली जाते आहे का ते पाहावे. $१ चे मूल्य २५५ ठेवल्यास मोटर थांबलेली असतानाही पकड धरून राहते.

प्रश्न : वर्तुळ अंडाकृती येते किंवा चौकोन तिरका येतो.

चौकोन तिरका असेल, तर एक्स आणि वाय अक्ष काटकोनात नाहीत. बारीक व्ही-बिटने (खाली टोकदार असलेल्या बिटने) शून्य बिंदू, एक्सवर ३०० आणि वायवर ४०० अशा तीन ठिकाणी टिंबे पाडावीत. दोन टोकांमधील अंतर नेमके ५०० मिलिमीटर आले पाहिजे. सुताराचा गुण्या लावूनही कल्पना येते, पण एवढ्या अंतरावर हे मोजमाप अधिक विश्वासार्ह ठरते. वर्तुळावर चार ठिकाणी, म्हणजे जेथे दिशा उलटते तेथे, लहान सपाट पायरी दिसत असेल तर तो बॅकलॅश आहे : नट आणि स्क्रू यांमधील मोकळीक कमी करावी किंवा स्प्रिंग असलेला नट बसवावा.

प्रश्न : मराठी नावाची पाटी कोरताना अक्षरे तुटतात, शिरोरेषेवर आडव्या-उभ्या रेघा उमटतात किंवा जोडाक्षरे सुटी होतात. उपाय काय?

या प्रश्नाचे उत्तर परदेशी मदतपुस्तिकांत सापडत नाही, आणि आपल्याकडे तर दारावरची पाटी हेच बहुतेकांचे पहिले काम असते. म्हणून थोडे विस्ताराने लिहिले आहे.

पहिली अडचण अक्षरजोडणीची. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसते त्याच्या आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांची रूपे फाँटमधील नियमांनुसार तयार होतात. हे नियम न वाचणारी टूलपाथ सॉफ्टवेअर अक्षरे नुसती एकापुढे एक मांडतात आणि मग ‘शिंदे’ मधली वेलांटी ‘श’ च्या नंतर जाते किंवा ‘कुलकर्णी’ मधला रफार हलंत होऊन पडतो. यासाठी मजकूर टूलपाथच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करूच नये. तो इंकस्केपमध्ये युनिकोड फाँटने टाइप करावा, तेथे जोडणी बरोबर होते. नंतर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून त्याचे आकारात रूपांतर करावे आणि एसव्हीजी पुढे पाठवावी. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी असे मुक्त परवान्याचे चांगले फाँट उपलब्ध आहेत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेला मजकूर ग्राहकाने दिला, तर तो पुन्हा टाइप करणे हाच कमी त्रासाचा मार्ग आहे.

दुसरी अडचण शिरोरेषेची. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढते. पडद्यावर सलग दिसणारी ही रेषा टूलपाथच्या दृष्टीने एकमेकांवर आलेल्या अनेक बंद आकारांची रांग असते, म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्र कापते आणि सांध्यांवर उभ्या रेघा उमटतात. काही सॉफ्टवेअर एकमेकांवर आलेला भाग पोकळ धरतात आणि तेथे लाकूड तसेच राहते. आकारात रूपांतर केल्यावर गट सोडून सर्व अक्षरे निवडावीत आणि ‘युनियन’ करावे, की संपूर्ण शब्द एकसंध होतो. काना आणि मात्रा यांचेही सांधे याच पायरीत मिटतात. युनियन केल्यानंतर आउटलाइन दृश्यात पाहून आत एखादी रेघ राहिली नाही ना, याची खात्री करावी.

तिसरी अडचण बिटच्या जाडीची. ३.१७५ मिलिमीटरचे बिट, म्हणजे सुतारी मापात एक सूत, त्याहून अरुंद फटीत शिरू शकत नाही. ‘ष’ आणि ‘ब’ यांच्या पोटातील तिरकी रेघ, ‘ठ’ आणि ‘व’ यांची पोकळी, उकाराची शेपटी या जागा आधी मोजाव्यात. अक्षरे उठावदार ठेवून भोवतालचे लाकूड काढायचे असेल, तर मोठे बिट भरभर चालवून नंतर १ मिलिमीटरच्या बिटने राहिलेला भाग साफ करण्याचा दुसरा टूलपाथ द्यावा. प्लायवुडमध्ये ‘ब’ च्या पोटातील बारीक रेघ थराबरोबर उडून जाते. तेथे जाड वळणाचा फाँट निवडावा किंवा सागवानासारखे सलग लाकूड वापरावे.

आरपार कापलेल्या अक्षरांना शिरोरेषेचा फायदाही होतो, कारण संपूर्ण शब्द एका तुकड्यात हाती येतो. सुटे पडतात ते अनुस्वार आणि चंद्रबिंदू. त्यांना टॅब (न कापता ठेवलेले छोटे जोड) द्यावेत, नाहीतर ते व्हॅक्यूमच्या नळीत जातात आणि मग भुशाच्या पिशवीत शोधावे लागतात.

प्रश्न : व्ही-कार्व्हमध्ये (व्ही-बिटने केलेल्या कोरीवकामात) अक्षरे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक येतात.

फळी सपाट नाही किंवा बेड यंत्राला समांतर नाही. व्ही-बिटमध्ये खोलीतील चूक थेट रुंदीत उतरते : ९० अंशांच्या बिटने १ मिलिमीटर जास्त खोल गेले, की रेघ २ मिलिमीटरने रुंद होते, ६० अंशांच्या बिटला हाच फरक सुमारे १.१५ मिलिमीटर असतो. फळीचा पृष्ठभाग आधी यंत्रावरच मोठ्या सपाट बिटने तासून घ्यावा.

सर्व अक्षरे सारखीच जाड येत असतील, तर सॉफ्टवेअरमधील बिटचा कोन प्रत्यक्ष बिटशी जुळतो का ते पाहावे. १० मिलिमीटर रुंदीच्या रेघेसाठी ९० अंशांचे बिट ५ मिलिमीटर खोल जाते, ६० अंशांचे ८.६६ मिलिमीटर, जाड अक्षरांच्या पाटीला ६० अंशांचे बिट लावले आणि खोलीची मर्यादा दिली नाही, तर ८ मिलिमीटरची फळी आरपार जाते.

प्रश्न : फाइल पाठवली, की ‘एरर २०’ येतो. त्याचा अर्थ काय?

फाइलमध्ये जीआरबीएलला न कळणारा आदेश आहे. बहुधा तो टूल बदलण्याचा एम६, टूलच्या लांबीचा जी४३ किंवा ड्रिलिंगचा जी८१ असतो. पोस्ट प्रोसेसर जीआरबीएलचाच निवडला आहे का ते पाहावे. माक३ किंवा लिनक्ससीएनसीसाठी तयार केलेल्या फाइलींत हे आदेश हमखास असतात. ‘एरर ९’ म्हणजे यंत्र अलार्ममध्ये कुलूपबंद आहे आणि ‘एरर २२’ म्हणजे फीड दिलेलाच नाही. ‘एरर ३३’ वळणाच्या आदेशात सुरुवात, शेवट आणि केंद्र यांचे गणित जुळत नसल्याचे सांगतो. पोस्टमध्ये दशांश स्थळे वाढवल्यावर तो सहसा जातो. काम सुरू करण्यापूर्वी $सी या तपासणीच्या स्थितीत संपूर्ण फाइल पाठवावी. यंत्र जागचे हलत नाही, परंतु चुका सर्व दाखवते.

प्रश्न : फ्यूजन या डिझाइन आणि टूलपाथच्या सॉफ्टवेअरमधून आलेली फाइल सुरू होताच यंत्र भलत्याच कोपऱ्याकडे धावते.

पोस्टमध्ये सुरक्षित माघारीसाठी जी२८ निवडलेला असतो. हा आदेश यंत्राच्या स्वतःच्या निर्देशांकांवर चालतो. आपल्या यंत्राला लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला बसवलेले स्विच) नसतील किंवा होमिंग (त्या स्विचपर्यंत जाऊन यंत्राची मूळ जागा शोधणे) केलेले नसेल, तर ते निर्देशांक यंत्र चालू करताना जेथे होते तेथून मोजले जातात, आणि बिट क्लँपवर किंवा सांगाड्यावर आदळते. पोस्टच्या पर्यायांत जी२८ ऐवजी ‘क्लिअरन्स हाइट’ निवडावे.

याच सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या हालचालीही कापण्याच्या वेगानेच होतात, ही तक्रार वेगळी आहे. वैयक्तिक वापराच्या विनामूल्य परवान्यात २०२० पासून ठेवलेली ती मर्यादा आहे. यंत्रात दोष शोधत बसू नये.

प्रश्न : काम मध्येच थांबते, संगणकाशी जोडणी तुटते किंवा विनाकारण ‘अलार्म १’ येतो.

‘अलार्म १’ लिमिट स्विच दाबला गेल्याचे सांगतो. प्रत्यक्षात स्विचला कोणी स्पर्श केला नसेल, तर तारेत गोंगाट शिरला आहे. स्पिंडलची आणि स्विचची तार एकाच साखळीतून शेजारी-शेजारी नेल्यास हे घडते, विशेषतः व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या वीज-उपकरणावर) चालणाऱ्या स्पिंडलच्या बाबतीत. स्विचसाठी आवरण असलेली तार वापरावी, तिचे आवरण एकाच टोकाला अर्थिंगला जोडावे आणि स्विचच्या सिग्नलवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. व्हीएफडीच्या अर्थिंगची तार तोडून आरसीसीबी (वीजगळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) पडणे थांबवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ती तार माणसासाठी असते.

अक्रिलिक किंवा एमडीएफ कापताना व्हॅक्यूमच्या नळीत स्थिर वीज साचते आणि तीही यूएसबी तोडते. नळीच्या आतून उघडी तांब्याची तार नेऊन ती अर्थिंगला जोडावी. यूएसबी केबल छोटी आणि फेराइट असलेली घ्यावी, लॅपटॉपची झोपण्याची सेटिंग बंद करावी.

महावितरणचा पुरवठा मध्येच गेला, तर लिमिट स्विच असलेले यंत्र वाचते. काम सुरू करण्यापूर्वी होमिंग करून जी५४ मध्ये (कामाच्या शून्याच्या नोंदीत) शून्य ठरवलेले असेल, तर ते मूल्य बोर्डाच्या स्मृतीत राहते. वीज आल्यावर बिट उचलून पुन्हा होमिंग करावे आणि काही ओळी मागून काम सुरू करावे. ओळ मधूनच सुरू करताना जी२१, जी९० (मापे शून्यापासून धरण्याचा आदेश), स्पिंडलचा आदेश आणि फीड हे आधी स्वतः पाठवावे लागतात. होमिंगची सोय नसेल, तर फळीच्या नको असलेल्या भागावर शून्याच्या जागी बारीक भोक पाडून ठेवावे.

प्रश्न : ‘अलार्म २’ आणि ‘अलार्म ५’?

पहिल्याचा अर्थ, फाइलमधील एखादा बिंदू यंत्राच्या हद्दीबाहेर आहे. शून्य चुकीच्या कोपऱ्यात घेतले असेल. दुसऱ्याचा अर्थ, प्रोबला (बिटची उंची शोधणाऱ्या सेन्सरला) अपेक्षित अंतरात स्पर्श मिळाला नाही. बिटला क्लिप लावायची राहिली असेल.

प्रश्न : स्पिंडल फिरता-फिरता बंद पडतो किंवा नुसता गुरगुरतो.

लेझर लावून झाल्यावर $३२ हे लेझरचे सेटिंग १ वरच राहिले असेल, तर प्रत्येक रिकाम्या हालचालीला स्पिंडल बंद होतो. ते ० करावे. $३० मध्ये (स्पिंडलचे कमाल फेरे) २४,००० आणि फाइलमध्ये एस१०००, म्हणजे १००० फेरे, असेल, तर मोटरला पूर्ण शक्तीच्या चोविसाव्या भागाइतकाच आदेश जातो आणि ती गुरगुरत राहते.

प्रश्न : लाकूड जळते, अक्रिलिक वितळते. वेग कमी करावा का?

बहुधा उलट करावे लागते. बिटच्या प्रत्येक धारेने ठरावीक जाडीचा छिलका काढला पाहिजे, कारण कापण्यातली उष्णता त्या छिलक्याबरोबरच बाहेर जाते. फीड म्हणजे फेरे गुणिले धारांची संख्या गुणिले छिलक्याची जाडी. मिनिटाला १०,००० फेरे, दोन धारा आणि ०.०५ मिलिमीटर असे धरले, तर फीड मिनिटाला १००० मिलिमीटर येतो. नवखा माणूस भीतीपोटी ट्रिम राउटर ३०,००० फेऱ्यांवर आणि फीड ३०० वर ठेवतो. मग धार लाकडाला कापण्याऐवजी घासते, काळे डाग पडतात आणि बिट बोथट होते. लहान यंत्रात एवढा फीड झेपत नसेल, तर फेरे कमी करावेत, एका धारेचे बिट घ्यावे आणि पासची (एका वेळी कापायची) खोली घटवावी. ३०१८ वर ३.१७५ मिलिमीटरच्या बिटने टणक लाकडात अर्धा ते एक मिलिमीटरचा पास पुरे. भुसा तपासावा : पिठासारखा बारीक आला तर फीड कमी पडतो आहे, छोटे छिलके आले तर ठीक चालले आहे. एमडीएफला मात्र ही परीक्षा लागू नाही, त्याचा भुसा नेहमीच पिठासारखा असतो.

अक्रिलिक घेताना ‘कास्ट’ प्रकारचे मागावे. ‘एक्स्ट्रुडेड’ लवकर मऊ होऊन बिटला चिकटते. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो आणि तो धार लवकर खातो, म्हणून कार्बाइडचेच बिट वापरावे.

बोथट बिटने तापलेला भुसा व्हॅक्यूमच्या पिशवीत जाऊन धुमसू शकतो. यंत्र चालू ठेवून बाजारात जाऊ नये.

प्रश्न : काम चालू असताना बिट खाली सरकते आणि खोली वाढत जाते.

कॉलेट, म्हणजे बिटचा दांडा पकडणारा भाग, चुकीचे आहे. बाजारात ६ मिलिमीटर आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, दांड्याची बिटे एकाच डब्यात मिळतात. ३ आणि ३.१७५ यांचेही तेच. मापाचेच कॉलेट वापरावे आणि ते बसवण्यापूर्वी आतला भुसा पुसून काढावा. ईआर कॉलेट आधी नटमध्ये कट्ट आवाज येईपर्यंत बसवावे आणि मग स्पिंडलवर चढवावे. वर खेचणारे ‘अपकट’ बिट पातळ फळीलाही उचलते, म्हणून पातळ प्लायसाठी ‘डाउनकट’ घ्यावे.

प्रश्न : १८ मिलिमीटर प्लायचे सांधे ढिले का बसतात?

१८ मिलिमीटर म्हणून घेतलेले प्लाय प्रत्यक्षात थोडे पातळ असू शकते आणि एकाच शीटच्या दोन टोकांना फरकही असतो. व्हर्नियरने चार ठिकाणी मोजून खरा आकडा चित्रात घालावा. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात ६ मिलिमीटरचे बिट ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई ठेवते. तेथे ‘डॉगबोन’ (कोपऱ्यात थोडी जादा गोल खाच) द्यावा किंवा पटाशीने कोपरा मोकळा करावा.

प्रश्न : पावसाळ्यात सगळीच मापे बिघडतात. हा भ्रम आहे का?

नाही. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या हवेत लाकूड आणि एमडीएफ ओलावा घेतात. एमडीएफचा बेड असमान फुगतो, म्हणून मे महिन्यात सपाट केलेला बेड जुलैत पुन्हा तासावा लागतो आणि त्याच्या कडांना आधीच सीलर लावणे हिताचे असते. सलग लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात घट्ट बसवलेले झाकण डिसेंबरात सैल होते, हे धरूनच मोकळीक ठेवावी. लीड स्क्रू आणि लोखंडी गाइडला तेलाचा पातळ हात द्यावा, जास्त तेलात भुसा बसतो. आयएस ७१० चे मरीन प्लाय दमटपणात अधिक टिकते, पण आकाशकंदिलासाठी तेवढा खर्च करण्याचे कारण नाही.

प्रश्न : सोसायटीत आवाजाची तक्रार आली तर?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळात ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ट्रिम राउटर जवळून याहून बराच मोठा आवाज करतो. एमडीएफच्या पेटीला आतून फोम लावल्यास फरक पडतो, मात्र पेटी पूर्ण बंद केली तर राउटर तापतो; त्यात हवेची वाट ठेवावी. खालच्या मजल्यावर जाणारी थरथर पेटीने थांबत नाही, त्यासाठी टेबलाच्या पायांखाली जाड रबर हवे. शेजाऱ्यांशी दुपारची वेळ ठरवून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

प्रश्न : गणपतीचे मखर यंत्राच्या बेडपेक्षा मोठे आहे. ते तुकड्यांत कसे कापावे?

२०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून हा प्रश्न दर श्रावणात येतो. फळी सरकवून कापायची असेल, तर चित्रातच दोन संदर्भ-भोके ठरवावीत, ती पहिल्या भागाबरोबर पाडावीत आणि बेडमध्ये बसवलेल्या खुंट्यांवर फळी सरकवून बसवावी. फळीच्या कडेवरून अंदाजाने जुळवल्यास कमान सांध्यावर मोडलेली दिसते. त्याहून सोपे म्हणजे नक्षीतच सांधा लपवावा : महिरपीचा सांधा कमळाच्या पाकळीखाली आणि खांबाचा पट्टीखाली. माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे, कारण असे मखर उत्सवानंतर सुटे करून माळ्यावर ठेवता येते.

प्रश्न : इतरांकडे मदत मागताना काय पाठवावे?

$$ ची यादी, जी-कोडच्या पहिल्या वीस ओळी, पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती, बिटचा व्यास व धारांची संख्या, लाकडाचा प्रकार, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला बिघडलेल्या तुकड्याचा फोटो. ‘यंत्र नीट चालत नाही’ एवढ्याच वाक्यावर कोणीही उपयोगी उत्तर देऊ शकत नाही. बिघडलेला तुकडा टाकून देऊ नये. पुढचा प्रश्न बहुधा त्यावरचेच एखादे माप विचारणारा असतो.